भस्माच्या नऊ जागा

पवित्रा माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नाही असं दाखवलं. खरं तर बघताक्षणी ओळखलं होतं. तिच्या बापाचं, बसलिंगाप्पाचं नाक तिच्या तोंडावर जसंच्या तसं होतं, आणि ते नाक मी एकोणतीस वर्षं टाळत आलो होतो. उद्यमनगर काही फार मोठं नाही, त्यामुळं टाळायला कष्ट पडतात.

सकाळचे साडेसात वाजले होते. तिच्या मागं शेजारच्या गाळ्यातला यशराज होता. यशराज तिशीचा आहे, गाडीला कॉम्प्युटर जोडतो आणि कॉम्प्युटर सांगेल तो पार्ट बदलतो. माणूस वाईट नाही, पण कॉम्प्युटर गप्प बसला की तोही गप्प बसतो. ती आधी त्याच्याकडंच गेली होती.

"काका, ही गाडी तुमच्यातलीच," तो म्हणाला. "पॉइंट-कंडेन्सरवाली हाय. हिला माझं मशीन जोडायला जागाच न्हाय."

"कुणाची गाडी?" मी विचारलं. हेही मला माहीत होतं.

"अप्पांचा ट्रक," पवित्रा म्हणाली. "सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण प्लगला करंटच न्हाय. आठ दिवसांपूर्वी चालू हुता. आज बारा वाजता पासिंग हाय."

बसलिंगाप्पा मार्गशीर्षात गेला, हे कानावर आलं होतं. मी मातीला गेलो नव्हतो. त्याचा ट्रक म्हणजे पुढं लांब नाक असलेला जुना पेट्रोल ट्रक. बाकी सगळ्यांनी आपापल्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवून घेतली, ह्यानं नाही. शेवटपर्यंत त्याच ट्रकमधून तो फौंड्रीतलं कास्टिंग मशीनशॉपवर पोचवायचा.

"पुढची तारीख घे की," मी म्हणालो.

"ही तिसरी हाय. कागदाची मुदत आज संपती." ती रडकुंडीला वगैरे आली नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होती. "मल्लेशचा फोन झालाय, म्हंजे माझ्या भावाचा. पासिंग झालं तर ट्रक तू ठेव म्हणाला. न्हाय झालं तर संध्याकाळी भंगारवाला येतोय. आन् गाडी आरटीओच्या मैदानात सोताच्या इंजिनावर यायला पायजे. टोचन लावून आणली तर सायेब बघतबी न्हाईत."

"तुला कशाला पायजे असला ट्रक?"

"चालवायला," ती म्हणाली.

मी हत्यारांची पिशवी उचलली.

पिशवी उचलताना मनात काय होतं ते सांगून टाकतो, उगाच चांगुलपणा मिरवत नाही. मला त्या ट्रकचं बॉनेट उघडायचं होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी मी जे म्हणालो होतो तेच खरं निघणार, आणि ते त्याच्याच दारात निघणार, ह्याची मला खात्री होती. तो स्वतः बघायला नव्हता एवढंच वाईट वाटत होतं.

झालं होतं असं. शहाण्णव साली मी त्या ट्रकचं सगळं वायरिंग नवं करून दिलं. दोनच महिन्यांत बसलिंगाप्पाचा मलकापुरातून फोन आला. ट्रक भर बाजारात बंद पडला होता, पाठीमागं कास्टिंगचा माल होता आणि रत्नागिरी रस्त्यावरची वाहतूक तुंबली होती. मी एसटीनं गेलो. बॉनेट उघडलं तर कॉइलवर भस्माचे तीन पट्टे. डिस्ट्रिब्युटरवर तीन पट्टे. बसलिंगाप्पा लिंगायत, कपाळावर भस्म रोजचं, पण गाडीच्या पोटातही तो लावतो हे मला तेव्हा कळलं. पावसाळी हवा होती. भस्म ओलं झालं की त्यातून करंट पळतो, हे कुणीही इलेक्ट्रिशियन सांगेल. मी फडक्यानं सगळं पुसलं, वायरी जरा हलवून बघितल्या आणि सेल्फ मारायला लावला. ट्रक चालू झाला. समोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर वीसेक माणसं बसली होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "अप्पा, देव कपाळाला ठेवा, कॉइलला ठेवू नका."

माणसं हसली. बसलिंगाप्पा हसला नाही. त्यानंतर तो माझ्या दुकानाची पायरी कधी चढला नाही, आणि मी ही गोष्ट सांगायची कधी थांबलो नाही. भस्मानं बंद पडलेली गाडी. चहाला सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगितली. चांगली गोष्ट होती. लोक पुन्हा सांगा म्हणायचे.

मंगळवार पेठेत त्यांच्या घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं ट्रक उभा होता. धुऊन पुसून लख्ख केला होता, पासिंगसाठी नंबरही नवीन रंगवला होता. आत देवघरात घंटा वाजत होती. शांतावैनी, म्हणजे बसलिंगाप्पाच्या मंडळी, पूजेला बसल्या होत्या. बरंच झालं म्हटलं मी मनात, आणि बॉनेट उचललं.

भस्म होतंच. शहाण्णव सालापेक्षा जास्त होतं. कॉइलवर, डिस्ट्रिब्युटरवर, कार्बोरेटरच्या कडेला, पेट्रोलच्या पंपावर, डायनॅमोवर, सेल्फवर, रेडिएटरच्या खालच्या नळीजवळ, बॅटरीच्या पेटीवर. इतकंच काय, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरही तीन पट्टे होते. तिथं कुठला पार्टच नव्हता. पत्रा कधी बंद पडतो का? पत्र्यालासुद्धा भस्म लावणाऱ्या माणसापुढं मी काय बोलणार. मोजले, तर नऊ जागा निघाल्या.

मी फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं.

"काका, ते अप्पांनी लावलंय," पवित्रा म्हणाली.

"म्हणूनच पुसाय लागतंय."

ती बाजूला सरकली. गरज तिची होती. मी नऊच्या नऊ जागा पुसल्या. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर एवढंच पुसून भागलं असतं, पण हात थांबला नाही. फडकं पांढरटकाळं झालं. मग कॉइलमधून येणारी जाड वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या बोटावर धरलं आणि पवित्राला म्हणालो, "मार सेल्फ."

इंजिन घरघरत फिरलं. टोकाला ठिणगी नाही.

"पुन्हा मार."

नाही.

साडेआठ झाले होते. मी चिडलो नाही, कारण मला अजून सगळं सोपं वाटत होतं. अशा गाडीत ठिणगी तयार व्हायला चार गोष्टी लागतात. बॅटरीतून कॉइलपर्यंत करंट यायला पाहिजे, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडझाप करायला पाहिजेत, कंडेन्सर चांगला पाहिजे आणि कॉइल चांगली पाहिजे. पहिली गोष्ट बघायला माझ्याकडं लहान बल्ब लावलेली वायर असते. चावी चालू करून तिचं टोक कॉइलवर टेकवलं तर बल्ब झक्क लागला. म्हणजे करंट येत होता. कॉइलला येणारी वायर निळी होती, जुनी, पण बल्ब लागला म्हटल्यावर तिच्याकडं कोण बघतो.

डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. पॉइंट थोडे काळे पडले होते, ते पॉलिशपेपरनं घासले आणि फट मापून लावली. ठिणगी नाही. माझ्या डब्यात जुने कंडेन्सर आहेत, त्यातला खात्रीचा लावला. नाही. मग पवित्राला दुकानावर पाठवून माझी ठेवणीतली कॉइल मागवली. ती येईपर्यंत टोपण उन्हाकडं धरून तडा आहे का बघितला. तडा नव्हता. कॉइल आली, बसवली.

"मार."

नाही.

दहा वाजून गेले होते. पवित्रा ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोरच्या काचेतून माझ्याकडं बघत होती. तिनं एकदाही घाई करा म्हटलं नाही, ह्याचाच मला राग येत होता. मैदान तिथून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बल्ब टेकवला. लागला. आता मला घाम फुटला, कारण सगळं बरोबर होतं आणि गाडी बंद होती. चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढल्यावर माणसाला एवढं कळतं की सगळं बरोबर असून गाडी बंद असेल तर गाडीचं काही चुकलेलं नसतं. बघणाऱ्याचं चुकलेलं असतं.

तेवढ्यात शांतावैनी चहा घेऊन आल्या. केस पांढरे, कपाळावर भस्म. शहाण्णव सालानंतर मी त्यांना समोरून आज बघत होतो. त्यांनी कप मडगार्डवर ठेवला आणि इंजिनाकडं बघितलं. मग फडक्याकडं बघितलं.

"भस्म कुणी पुसलं?"

"मी," मी म्हणालो. "वैनी, त्येनं करंट पळतो."

"सगळं पुसलासा?"

"सगळं."

त्या परत इंजिनाकडं वळल्या. "मग आता कसं कळायचं तुमास्नी?"

"काय कळायचं?"

"कुठं कुठं बंद पडलीया ते."

मला काही उमगलं नाही. पवित्रा खाली उतरली. तिलाही उमगलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अप्पा खंडेनवमीला गाडीची पूजा करतात आणि भस्म लावतात, एवढंच ती बघत आली होती.

"ती नुसती पूजा नव्हं अव्वा?" तिनं आईला विचारलं.

"पूजा बाहेरनं. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. आतलं भस्म येगळं." शांतावैनी माझ्याकडं वळल्या. "चांगल्या चालणाऱ्या पार्टाला देवाची काय गरज, असं म्हणायचे हे. जिथं गाडीनं एकदा दगा दिलाय, तिथंच लावायचे. वर्सातनं एकदा तिथवर बोट गेलं पायजे. बोट गेलं की डोळा जातोय. ढिलं झालंय का, झिजलंय का, तवाच कळतंय. नऊ येळा दगा दिला, म्हणून नऊ जागा."

मी हातातल्या फडक्याकडं बघितलं. त्या माणसानं पन्नास वर्षं ठेवलेलं टिपण मी सकाळी पाच मिनिटांत पुसून टाकलं होतं. मी दुकानात पाटी लावून बसतो, वही ठेवतो, आणि माझ्या एकाही गिऱ्हाइकाची गाडी कुठं कुठं बंद पडली होती ते मला सांगता येणार नाही.

"गेल्या नवमीला त्येंच्यानं उठवंना," वैनी सांगत होत्या. "तिथं खुर्चीवर बसून जागा सांगितल्या, मी लावलं. माझं बोट गेलं, पण बघायचं काय ते मला कुठं ठावं? ह्या खेपेला डोळा गेलाच न्हाय बघा."

"वैनी, कॉइल बघितली, डिस्ट्रिब्युटर बघितला. ठिणगीशी संबंध असलेलं सगळं बघितलं."

"पत्र्याजवळचं बघितलासा?"

"पत्र्याला काय हुतंय?"

"पत्र्याला न्हाय. पत्र्याच्या भोकाला." त्यांनी वाकून बोट दाखवलं. "हितं. ह्या जागेला हे 'बाळासोचं ठिकाण' म्हणायचे."

बाळासो माझं नाव.

तिथं पत्र्याला बोटाएवढं भोक होतं आणि त्यातून निळी वायर केबिनमध्ये, चावीच्या मागं गेली होती. ती माझी वायर होती. शहाण्णव साली मला निळ्या वायरीची दोन बंडलं मिळाली होती आणि वर्षभर मी प्रत्येक गाडीला निळीच घातली. भोकही माझंच. अशा भोकात रबराची कडी बसवायची असते, नाहीतर पत्र्याची धार वायरीला कापत राहते. त्या दिवशी माझ्याकडं कडी नव्हती. उद्या बसवतो म्हणालो होतो. तो उद्या आजपर्यंत उजाडला नव्हता.

वायर हळूच ओढून भोकातून बाहेर काढली. तिच्यावर जुन्या काळ्या टेपचे वेढे होते, चिकट होऊन लिबलिबीत झालेले. ते सोलले. आत तांबं झिजून दोनच तारा उरल्या होत्या, त्याही हिरव्या पडलेल्या. माझ्या बल्बाला जेमतेम करंट लागतो, तेवढा त्या दोन तारांतून मिळत होता, म्हणून बल्ब लागत होता. कॉइलला त्याच्या दहापट लागतो. पॉइंट मिटलेले असताना, म्हणजे कॉइल करंट ओढत असताना मी बल्ब टेकवला असता तर तो मंद झाला असता आणि साडेआठलाच सगळं कळलं असतं. पण मी ते बघितलं नाही. माझं लक्ष भस्मावर होतं.

"टेप कुणी लावली?" मी विचारलं, पण उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

"ह्येंनीच. तुमी मलकापुरात चालू करून दिलासा की न्हाय, त्या दिवशी. तुमी एसटीनं माघारी आलासा. गाडी वाटेत बांबवड्यात परत बंद पडली. भस्म तर तुमी समदं पुसलं हुतं. मग हे रातभर तिथंच बसले आन् सकाळी उजेडात ही वायर घावली."

मलकापुरात मी पुसता पुसता वायरी हलवल्या होत्या. तेवढ्यानं ती तार तात्पुरती जुळली असणार. भस्माचा काही संबंध नव्हता. चूक माझी होती, आणि ती ट्रकच्या मालकाला दुसऱ्या दिवशीच माहीत झाली होती.

"मला येऊन सांगितलं का न्हाई त्येंनी?"

"मी म्हणालो हुतो त्येंस्नी, जावा आन् सांगा चारचौघांत," वैनी म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारखं. "तर म्हणाले, नवं दुकान हाय त्येचं. वायरिंग कच्चं करतोय म्हणून नाव झालं तर कोण जाईल त्येच्याकडं? आपली काय, गाडी चालू झाली."

बसलिंगाप्पाला एक वाक्य पुरलं असतं. बांबवड्याचं एक वाक्य त्यानं उद्यमनगरात कुठल्याही टपरीवर टाकलं असतं तर माझी गोष्ट तिथंच मेली असती, आणि बहुतेक दुकानही. त्यानं ते टाकलं नाही. माझी गोष्ट त्याच्या कानावर वर्षानुवर्षं येत राहिली असणार, कारण मी ती हळू आवाजात कधीच सांगितली नाही. मला फार लाज वाटली. सत्तरीत लाज वाटायची सवय राहिलेली नसते, त्यामुळं ती जास्त बोचते.

पण अकराला दहा मिनिटं कमी होती. मी वायर कापली, नवा तुकडा जोडून कथिलाचा डाग दिला, वरून प्लास्टिकची नळी चढवली. पिशवीत तळाला रबराच्या कड्यांची पुडी असते. त्यातली एक भोकात दाबून बसवली आणि तिच्यातून वायर ओवली. ट्रकची स्वतःची कॉइल परत लावली, कारण तिच्यात काही बिघाड नव्हताच.

"मार."

जाड वायरीच्या टोकावरून निळी ठिणगी लोखंडावर पडली. टक्, टक्, टक्. वायर परत डिस्ट्रिब्युटरला लावली, आणि तिसऱ्या सेल्फला ट्रक चालू झाला. शेडभर धूर झाला. पवित्रानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. बापही गाडी चालू झाली की असाच बसायचा, हे मला इतक्या वर्षांनी आठवलं.

मी बॉनेट पाडायला गेलो तर वैनींनी अडवलं. त्या आत जाऊन भस्माची वाटी घेऊन आल्या होत्या.

"पुसलंय तुमी. लावा तुमीच."

"वैनी, उशीर हुतोय."

"एक तरी लावा. बाकीचं ऐतवारी या, मी जागा सांगतो."

इंजिन थडथडत होतं. मी तीन बोटं वाटीत बुडवली आणि त्या भोकाशेजारी पत्र्यावर ओढली. वैनी बघत होत्या.

"वाईच जास्त लावा," त्या म्हणाल्या. "तिथं हे जास्तच लावायचे."

मी परत बोटं बुडवली.

सव्वाअकराला ट्रक गल्लीतून बाहेर पडला. तीन वाजता दुकानात फोन आला. पवित्रा म्हणाली, "झालं काका. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं." मी बरं म्हणालो. वायरीचे, कंडेन्सरचे किती द्यायचे असं तिनं विचारलं, त्यावर मी फोन ठेवला.

संध्याकाळी टपरीवर यशराज होता, त्याच्याकडं इचलकरंजीहून आलेला कुणी पावणा होता. यशराज त्याला म्हणाला, "ह्या काकांची भस्माची गोष्ट ऐकाय पायजे. सांगा की काका, मलकापूरची."

मी सांगितली. मलकापूर सांगितलं, बाकड्यावरची माणसं सांगितली, आणि तिथं न थांबता पुढं बांबवडं सांगितलं. रबराची कडी सांगितली. निळी वायर कुणाची होती तेही सांगितलं. नऊ जागा सांगितल्या. पावणा अदबीनं मान हलवत राहिला. यशराज हसायची जागा कधी येते ह्याची वाट बघत होता, ती आली नाही.

"काका," शेवटी तो म्हणाला, "पर आदीचीच बरी हुती की."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.